बाह्य नौका-एंजिनाचे वंगण तेल

होडीच्या मागील फळीवर बाहेरून अडकविलेल्या व गरजेप्रमाणे उचलून नेता येणाऱ्या एंजिनातील फिरत्या आणि घासणाऱ्या भागांसाठी वापरावयाचे तेल. असे एंजिन व्यवहारात ‘आउटबोर्ड मोटर’ या नावाने ओळखले जाते. त्यात एंजिन, उभा चालक दंड, दंतचक्रपेटी व पाणी मागे लोटणारा पंखा हे सर्व एकाच सांगाड्यात बसविलेले असतात. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन तंत्रज्ञ ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये बनविलेल्या एंजिनापासून या प्रकाराचा व्यापारी प्रसार झाला. तेलाची निवड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : एंजिन दोन धावांचे आहे की चार धावांचे आणि ते किती काळ न चालता पडून राहते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात मात्र तिचा विचार आधी करावा लागतो.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा हे याचे बोलके उदाहरण होय. बालाघाटाच्या पठारावरील हा जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून परिचित आहे. तथापि सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना या नद्यांना आलेल्या पुरांत येथील गावांत व शेतवस्त्यांवर अडकलेल्या लोकांना होड्या व हेलिकॉप्टरे यांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या हंगामात एंजिन जवळजवळ रोज चालते. बचावकार्यासाठी राखून ठेवलेले एंजिन वर्षातील बहुतेक दिवस कोठारात उभे असते आणि पुराच्या रात्री ते पहिल्या दोन-तीन ओढींत सुरू होऊन प्रवाहाविरुद्ध पूर्ण वेगाने चालावे, अशी अपेक्षा असते. ऐन प्रवाहात ते आवळून बंद पडले, तर होडी व तिच्यातील माणसे पाण्याच्या स्वाधीन होतात.

दोन धावांच्या एंजिनात तेलासाठी वेगळी टाकी असली, तरी तेल साठवून फिरविणारे कुंड नसते. इंधन व हवा यांचे मिश्रण भुजादंडाच्या पेटीतून सिलिंडरात जाते. म्हणून तेल इंधनाबरोबरच जाऊन धारवे व दट्ट्या यांना वंगण पुरविते आणि अखेरीस जळून जाते. जळताना मागे राख राहू नये, ही येथील मुख्य अट होय. मोटारसायकल किंवा फवारणीयंत्र यांचे हवेने थंड होणारे एंजिन अधिक तापते, म्हणून त्याच्या तेलात सामान्यतः धातुयुक्त प्रक्षालके मिसळतात. नौका-एंजिन बाहेरचे पाणी खेचून थंड केले जाते, त्याच्या सिलिंडराच्या भिंती तुलनेने थंड राहतात आणि ते दीर्घकाळ पूर्ण भाराखाली चालते. अशा एंजिनात धातुयुक्त राखेचे थर दट्ट्याच्या माथ्यावर व ठिणगी-गुडदीवर साचतात, ते लाल होऊन ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवितात आणि प्रसंगी दट्ट्याला भोक पाडतात. अमेरिकेतील नौका-उत्पादकांच्या ‘एनएमएमए’ या संघटनेने ठरविलेली ‘टीसी-डब्ल्यू३’ ही खूण राखविरहित तेलाची आहे. यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे निदर्शक होय. तालुक्याच्या बाजारात फवारणीयंत्राचे तेल आणि पाणी उपसण्याच्या डीझेल एंजिनाचे तेल सहज मिळते, परंतु या कामास दोन्ही अयोग्य आहेत. डबा विकत घेताना तेलाच्या निळ्या वा हिरव्या रंगावर जाऊ नये. रंग हा मिश्रण ओळखता यावे म्हणून घातलेला असतो, तो गुणवत्तेचा पुरावा नव्हे. मात्र निकडीच्या वेळी योग्य तेल नाही म्हणून नुसत्या पेट्रोलवर एंजिन चालविणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. चुकीच्या तेलाने एंजिनाचे आयुष्य घटते. तेलाविना ते काही मिनिटांतच आवळते.

पुष्कळ एंजिनांसाठी पेट्रोल व तेल यांचे प्रमाण ५० : १ असते, म्हणजे २५ लिटर पेट्रोलला ५०० मिलि. तेल. नवे एंजिन मुरेपर्यंत हे प्रमाण बहुधा २५ : १ ठेवतात. येथे एका नव्या अडचणीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. भारतात २०२५ पासून सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सु. २० टक्के एथेनॉल असते. एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले किंवा तापमान उतरले, म्हणजे पाणी व एथेनॉल यांचा जड थर तळाशी वेगळा होतो. वंगण तेल बव्हंशी वरच्या पेट्रोलमध्येच राहते, आणि टाकीतील नळी तर तळापासून इंधन खेचते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी तेल मिसळून ठेवलेल्या टाकीवर एंजिन सुरू केल्यास ते एकतर चालत नाही किंवा, त्याहून धोक्याचे म्हणजे, तेलाविना चालते. म्हणून बचाव-होडीचे मिश्रण आगाऊ करून ठेवू नये. तेलाचा डबा सीलबंद ठेवावा, पेट्रोल ताजे आणावे आणि मिश्रण ऐनवेळी करावे. मोजपात्र टाकीलाच बांधून ठेवणे चांगले, कारण अंधारात अंदाजाने ओतलेले तेल क्वचितच बरोबर भरते.

जुन्या दोन धावी एंजिनांतून इंधनाचा सु. चौथा हिस्सा न जळता पाण्यात जात असे. या कारणाने चार धावांच्या एंजिनांचा प्रसार वाढला. त्यांच्यात तेल कुंडात साठते व पंपाने फिरते. त्यांच्यासाठी ‘एफसी-डब्ल्यू’ ही खूण असून बहुधा एसएई १०डब्ल्यू-३० श्यानतेचे तेल सुचविलेले असते. धाराशिवकडे हिवाळ्यातील गारठा व उन्हाळ्यातील ४० °से. वरील तापमान यांना ते पुरेसे आहे. मोटारीचे तेल त्याच श्यानतेचे असले, तरी गंजरोध आणि सतत उच्च वेगाने फिरताना श्यानता टिकणे यांबाबत नौका-तेलाची कसोटी अधिक कडक असते. एंजिन पुरेसे न तापता थोडा थोडा वेळ चालले, की पेट्रोल दट्ट्याच्या कड्यांजवळून कुंडात उतरते व तेल पातळ होते. तेव्हा मोजपट्टीवर पातळी वाढलेली दिसली, तर समाधान मानू नये. पातळी एंजिन सरळ उभे असताना पहावी. कलते असता ती चुकीची दिसते.

तेल शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे उत्पादक सामान्यतः सांगतात. क्वचित चालणाऱ्या एंजिनास वर्षाचीच अट लागू पडते. कारण वापरलेल्या तेलातील आम्ले व पाणी न चालताही धारव्यांना खातात. म्हणून तेल पुढील पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर पूर ओसरताच बदलणे श्रेयस्कर. त्याआधी शीतन मार्ग स्वच्छ पाण्याने धुवावेत, कारण काळ्या मातीचा गाळ त्यांत वाळला की एंजिन तापते व उत्तम तेलही त्यास वाचवू शकत नाही. साठविण्यापूर्वी ठिणगी-गुडदीच्या छिद्रातून सिलिंडरांत गंजरोधी तेल सोडून भुजादंड हाताने फिरवितात.

पाण्याखालील दंतचक्रपेटीस एंजिनाचे तेल चालत नाही. तिला उत्पादकाने सांगितलेले दंतचक्र-तेलच लागते. ते खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरतात. त्यामुळे आत हवा अडकत नाही. काढलेले तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजून दंडाभोवतीची मोहोर, म्हणजे पाणी अडविणारे रबरी कडे, बदलावे.