स्पोर्ट्स कारची स्वहस्ते देखभाल, दुरुस्ती आणि सुधारणा : माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीच्या संदर्भात

प्रस्तावना :

मोटारीची दुरुस्ती हा विषय आपल्याकडे बहुधा गॅरेजमधील मिस्त्रीवर सोपविला जातो. महाविद्यालयीन चर्चेच्या परिघात तो क्वचितच येतो. अमेरिका, ब्रिटन, जपान या देशांत मात्र आपली मोटार आपल्याच हातांनी राखणाऱ्या मालकांची दीर्घ परंपरा आहे. या कामामागे कोणते तर्क असतात आणि त्यात धोका नेमका कोठे असतो, हे एका मोटारीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवडलेली मोटार म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघडता येणाऱ्या कापडी टपाची स्पोर्ट्स कार होय. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ती प्रथम सादर झाली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ आणि जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावाने ओळखली गेली. १९९७ पर्यंत चाललेल्या पहिल्या पिढीत अशा चार लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. माझदा हे नाव आपल्या वाचकांना स्वराज माझदाच्या मिनीबस व मालवाहू गाड्यांमुळे परिचित आहे. ही मोटार मात्र भारताच्या बाजारात अधिकृतपणे आली नाही.

स्वहस्ते दुरुस्तीच्या अभ्यासासाठी ती सोयीची आहे, कारण तिची रचना सरळ आहे. पुढे उभे बसविलेले १.६ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन (१९९३ पासून १.८ लिटरचे), मागील चाकांना मिळणारी गती, सुमारे ९५० किलो वजन आणि बेताचीच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. बहुतेक कामे १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरच्या पान्यांनी होतात. शिवाय यात एक आर्थिक बाबही आहे. ज्या देशांत मजुरीचा दर मोठा असतो तेथे तीस वर्षांच्या जुन्या मोटारीच्या एका मोठ्या दुरुस्तीचे देयक मोटारीच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शकते. अशा वेळी मोटार रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हे पुष्कळदा मालकाच्या हातांवरच ठरते.

देखभाल : पाणी, पट्टा आणि क्रँकशाफ्टचे टोक

इंजिन तेल बदलणे हे नवशिक्याचे पहिले काम. सुमारे साडेतीन लिटर तेल आणि एक फिल्टर एवढेच त्यात लागते. फिल्टर मात्र हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या खाली दडलेला असल्याने हात पोहोचविण्याची कसरत करावी लागते. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

या मोटारीचा खरा शत्रू पाणी आहे. कापडी टपावरील पावसाचे पाणी मागील बाजूच्या पन्हाळीत जमते व दोन्ही अंगांच्या नळ्यांतून मागील चाकांच्या पुढे खाली निघून जाते. या नळ्यांत पालापाचोळा व माती साचली की पाणी दाराखालच्या पोकळ पोलादी भागात शिरते. तेथे ते आतून गंज धरविते आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच पत्रा खाल्ला जातो. उघड्या टपाच्या मोटारीत हा भाग केवळ शोभेचा नसतो. छताचा आधार नसल्यामुळे शरीराची ताठरता बव्हंशी त्याच्यावरच अवलंबून असते. लवचीक तार फिरवून नळ्या मोकळ्या करणे हे बिनखर्चाचे, पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्यास पत्रा कापून जोड देण्याची पाळी येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या मोटारीच्या देखभालीत याहून मोलाचे दुसरे काम नाही, आणि नेमके तेच हौशी मालक सर्वांत उशिरा करतात.

टायमिंग बेल्ट सुमारे ६०,००० मैलांनी, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटरनंतर बदलावा लागतो. अनेक इंजिनांत हा पट्टा तुटल्यास पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाचा नाश होतो. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या मार्गांत पुरेसे अंतर ठेवलेले असल्याने पट्टा तुटला तरी इंजिन केवळ थांबते. नवशिक्याला धीर देणारी अशी ही रचना आहे.

परंतु याच ठिकाणी जुन्या प्रतींचे एक दुखणेही आहे. १९९१ च्या सुमारापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. पट्टा बदलताना तेथील बोल्ट योग्य बलाने आवळला गेला नाही, तर चक्र आणि टोक यांच्यातील खाच हळूहळू झिजते, चक्र डुलू लागते आणि ठिणगीची वेळ चुकत जाते. इंजिन सुस्त का झाले हे मालकाला उमगत नाही. म्हणजे दोष रचनेत असला तरी तो जागा होतो तो दुरुस्तीच्या क्षणी. पुढील इंजिनांत कंपनीने हे टोक मोठे केले.

बोल्ट आवळण्यामागील पदार्थविज्ञान

बोल्ट आवळणे ही ताकदीची बाब आहे असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग होय. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि हा ताणच दोन भागांना एकत्र दाबून धरतो. पान्याला दिलेल्या बलाचा जेमतेम दहावा भाग या ताणात रूपांतरित होतो. उरलेला बोल्टच्या डोक्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्च पडतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरला तर घर्षण घटते, ताण प्रमाणाबाहेर वाढतो आणि बोल्ट तुटू शकतो. या मोटारीच्या चाकांच्या नटांसाठी ८८ ते ११८ न्यूटन-मीटर ही मर्यादा दिलेली आहे. ती टॉर्क पान्याने पाळावयाची असते, हाताच्या अंदाजाने नव्हे.

निलंबनाच्या दांड्यांचे बोल्ट आणखी एक धडा देतात. या दांड्यांच्या टोकांना असलेले रबरी बुश आतील व बाहेरील धातूच्या नळीला चिकटलेले असतात. मोटार उचललेली असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्के केले, तर मोटार जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. म्हणून बोल्ट प्रथम सैल लावून, चाकांवर भार आल्यानंतरच अखेरचे आवळावेत.

दुरुस्ती : मागील ब्रेक

मागील ब्रेकचे पॅड बदलण्याचे काम वरवर सोपे दिसते. जुने पॅड काढावेत, पिस्टन मागे ढकलावा, नवे बसवावेत. पुढील ब्रेकला ही रीत लागू पडते. मागील कॅलिपरमध्ये मात्र हातब्रेकची यंत्रणा गुंतलेली असते व पिस्टनच्या पाठीमागे तिचा एक स्क्रू असतो. शिकंजा लावून पिस्टन जबरीने दाबला तर ही यंत्रणा मोडते. एक झाकण-बोल्ट काढून त्याच्या आत ४ मिलिमीटरची षट्कोनी चावी घालावी आणि स्क्रू उलटा फिरवून पिस्टन मागे घ्यावा, ही योग्य पद्धत होय. नवे पॅड बसल्यावर ते डिस्कला टेकेपर्यंत स्क्रू आवळून सुमारे एक तृतीयांश फेरा सैल करावयाचा असतो. पुढच्या चाकावर शिकलेले ज्ञान मागच्या चाकावर घातक ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

ब्रेक ऑईल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर बाष्प शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटात सतत ब्रेक लावल्यास हे तापमान गाठले जाते, ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल पोकळ होते. रंगावरून हे ओळखता येत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलण्याची शिस्त आहे.

केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. खाली भक्कम पोलादी स्टँड हवेतच. घरी काम करणाऱ्यांचे अपघाती मृत्यू यातूनच घडत आले आहेत.

सुधारणांची साखळी

मालकाला आकर्षण असते ते इंजिनाची शक्ती वाढविण्याचे. पण मोटार ही परस्परावलंबी भागांची साखळी आहे. १.६ लिटरच्या मोटारीस टर्बोचार्जर बसविला की मागील धुरीतील लहान डिफरन्शियल तो भार सोसत नाही; म्हणून १९९४ च्या प्रतींतील मोठे डिफरन्शियल शोधावे लागते. वेग वाढला की ब्रेक अपुरे पडतात. सुदैवाने १.८ लिटरच्या मोटारीतील सुमारे २० मिलिमीटर मोठ्या डिस्क येथे बसविता येतात. पुढे उष्णतेचा प्रश्न उभा राहतो. हे इंजिन मुळात आडव्या बैठकीच्या मोटारीसाठी घडविलेल्या कुळातील आहे. उभे बसविताना थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट मागून पुढे आणली गेली, त्यामुळे मागच्या सिलिंडरांभोवती पाण्याचा प्रवाह तुलनेने मंद राहतो. नेहमीच्या वापरात हे जाणवत नाही. वाढीव शक्तीत जाणवते, आणि मग ती वाट पुन्हा मागे नेण्याचा खटाटोप करावा लागतो.

म्हणून चांगले टायर, नवे बुश, ताजे ब्रेक ऑईल आणि चाकांची अचूक जुळणी एवढ्यावर पहिली दोन वर्षे थांबावे, असे सुचवावेसे वाटते. त्यानंतरही शक्ती अपुरी वाटली तर गोष्ट वेगळी. बहुतेकांना ती वाटत नाही.

कायद्याची चौकट देशागणिक बदलते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यान्वये, ठरावीक कंपनीचेच सुटे भाग वापरावेत अशी अट सामान्यतः हमीला जोडता येत नाही. कॅलिफोर्नियात मात्र उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या बदली भागांना राज्याच्या मंडळाची सूट असावी लागते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर बहुतेक मोटारींची दरवर्षी तपासणी होते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अधिक कडक आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या फेरफारांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये प्रतिबंध केला. येथील हौशी मालकाने देखभाल व सुधारणा यांतील ही रेषा पान्याला हात घालण्यापूर्वीच तपासावी.

सुट्या भागांच्या बाबतीत या मोटारीचे भाग्य थोर म्हणावे लागेल. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या पुनर्निर्माणाची योजना जाहीर केली. तिच्या अनुषंगाने कापडी टप, लाकडी स्टेअरिंग चक्र आणि मूळच्या १४ इंची चाकांना बसणारे १८५/६० मापाचे टायरही पुन्हा तयार होऊ लागले.