गाळ्यातलं जुनं विंडोज आणि पहिले 512 बाइट

वसई पूर्वेला स्टेशनबाहेर पडून नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली असं पुढे गेलं की औद्योगिक गाळ्यांची रांग संपता संपत नाही. कुठे मोल्ड कापले जातात, कुठे डाय घासल्या जातात, कुठे प्लास्टिकची झाकणं पाडली जातात. या गाळ्यांतली कितीतरी मशिनं सेकंडहँड घेतलेली असतात. बिडाचा बेड आणि बॉलस्क्रू यांची नीट निगा राखली तर ते पंचवीस-तीस वर्षं सहज काम देतात. त्यांच्या पोटात बसवलेला कॉम्प्युटर मात्र त्याच्या जन्मवर्षातच अडकून राहतो. सीमेन्सच्या सिन्युमेरिक 840डी या नावाजलेल्या सीएनसी प्रणालीचंच बघा. तिच्या पॅनलमागचा पीसी एकेकाळी विंडोज एनटी 4.0 वर चालायचा, नंतर विंडोज एक्सपीवर. त्याहून जुन्या मशिनांत आजही डॉस सुखाने नांदतं.

मग एके दिवशी हार्डडिस्क जाते. दुरुस्तीवाला नवी एसएसडी आणतो, जुन्या डिस्कचा क्लोन मारतो, केबल लावतो आणि मशीन बूट होत नाही. डिस्क नवीकोरी आहे, फायली सगळ्या जागेवर आहेत, तरी पडदा काळा किंवा निळा. अशा वेळी ‘कंट्रोलर बदला, सिस्टीमच बाद झाली’ असा सल्ला मिळतो आणि खर्चाचा आकडा लाखांत जातो. पुष्कळदा हा सल्ला चुकीचा असतो. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम निकामी झालेली नसते. कॉम्प्युटर चालू झाल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत एकाने दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवायचा असतो आणि त्यातल्या एका टप्प्यावर ओळख पटत नाही. तो टप्पा कोणता, हे कळलं की निम्मं काम झालं.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. 1981च्या आयबीएम पीसीपासून त्याची रीत ठरलेली आहे. त्याला ना फायली कळतात ना फोल्डर. तो डिस्कवरचा पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइट, उचलून मेमरीत ठेवतो, हार्डडिस्क असेल तर त्याच्या शेवटी ठरलेली दोन बाइटांची खूण आहे ना एवढं तपासतो आणि कारभार त्याच्या स्वाधीन करतो. 1983 साली डॉसच्या 2.0 आवृत्तीबरोबर हार्डडिस्क आली आणि या 512 बाइटांची वाटणी झाली. 446 बाइट प्रोग्रॅमसाठी, 64 बाइट डिस्कचे चार भाग नोंदवण्यासाठी आणि 2 बाइट खुणेसाठी. युनिकोडच्या यूटीएफ-8 रीतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे 446 बाइटांत आपली जेमतेम 148 चिन्हं बसतील, या परिच्छेदातलं एखादं लांबसं वाक्य. तेवढ्या जागेत लिहिलेला प्रोग्रॅम पुढचा अख्खा डोलारा उभा करायला सुरुवात करतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण जागा इतकी मोजून-मापून दिली की भिंतीही जवळच उभ्या राहतात. त्या 64 बाइटांत सेक्टरचा क्रमांक लिहायला 32 बिट मिळतात, म्हणून 512 बाइटांच्या सेक्टरनी ही नोंदवही 2.2 टेराबाइटच्या पुढे मोजू शकत नाही. त्याआधीच्या भिंती आणखी ठेंगण्या होत्या. नव्वदच्या दशकारंभीच्या बायोसांना 528 एमबीपलीकडचं दिसत नव्हतं, त्यानंतरच्यांना 8.4 जीबीपलीकडचं. 2001 साली बाजारात आलेलं मूळ एक्सपी 137 जीबीपाशी थांबायचं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती भिंत पाडली. डॉसच्या मशिनाला आजची 500 जीबीची डिस्क लावून ते चालेना म्हणून दोष द्यायचा, हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे.

डॉसच्या मशिनांवरचा उपाय मात्र फार सोपा आहे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत असायचं ते कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे सीएफ कार्ड, जुन्या आयडीई हार्डडिस्कचीच भाषा बोलतं. म्हणून 40 पिनांच्या पट्टीला ते जोडणाऱ्या अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा नुसते तारांचे जोड असतात, भाषांतर करणारी चिप लागत नाही. लहान क्षमतेचं, औद्योगिक दर्जाचं कार्ड घ्यायचं, डॉसला एका भागात 2 जीबीच्या वर चालत नाही हे लक्षात ठेवायचं आणि क्लोन करायचा. फिरणारी तबकडी गेली, खडखडाट गेला आणि शेजारच्या पॉवर प्रेसच्या हादऱ्यांची भीतीही गेली. एकच खबरदारी घ्यावी. काही कार्डं स्वतःची ओळख ‘काढता येणारं माध्यम’ अशी देतात आणि त्यावर विंडोज अडखळतं. एनटी किंवा एक्सपीसाठी ‘फिक्स्ड डिस्क’ अशी ओळख देणारंच कार्ड मागावं.

एक्सपीचं दुखणं वेगळं आहे आणि गाळ्यांत सर्वांत जास्त भेटतं ते हेच. लोगो झळकतो, आता डेस्कटॉप येणार असं वाटतं आणि निळा पडदा येतो. त्यावर शून्यांच्या माळेच्या शेवटी ‘7बी’ लिहिलेलं असतं. अर्थ असा की ज्या डिस्कवरून मी सुरू झालो, तीच मला आता सापडत नाही. हे वेड्यासारखं वाटतं, कारण इथवर तर एक्सपी त्याच डिस्कवरून आलं.

खरा प्रकार असा. सुरुवातीला एक्सपीचा लोडर डिस्क स्वतः वाचत नाही, बायोसकडून वाचून घेतो. त्या अवधीत तो कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणतो. मग कर्नल सूत्रं हाती घेतो आणि बायोसला कायमचा निरोप देतो. यापुढे डिस्कशी बोलायचं ते स्वतःच्या ड्रायव्हरने. कपाट उघडं होतं तोवर किल्ली खिशात घातली असती तर प्रश्न नव्हता. ती आतच राहिली आणि कपाट लागलं. एक्सपीच्या खिशात आयडीईची किल्ली असते. आयडीईची जागा घेणाऱ्या साटा डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही नवी पद्धत 2004 साली आली, एक्सपी तयार झालं त्यानंतर तीन वर्षांनी. ती किल्ली त्याच्याकडे असणार कुठून?

म्हणून बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन साटाचा मोड ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर आणला की नवी साटा एसएसडी एक्सपीला जुन्या डिस्कसारखी दिसू लागते आणि मशीन सुरू होतं. दुसरा मार्ग म्हणजे जुनी डिस्क चालू असतानाच एएचसीआयचा ड्रायव्हर घालून तो सुरुवातीच्या ड्रायव्हरांत नोंदवायचा आणि मगच क्लोन घ्यायचा. बोर्ड साटाच्याही आधीचा असेल तर आयडीईला साटा जोडणारा कन्व्हर्टर मिळतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा 7बी डिस्क न बदलताही येतो. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. दिवाळीची आठवडाभराची सुट्टी किंवा पावसाळ्यात लांबलेला वीजपुरवठ्याचा खोळंबा यांत जुनी झालेली ती बॅटरी मान टाकते, बायोस आपली सेटिंगं विसरतं आणि कारखान्यातून निघालं तेव्हाच्या सेटिंगवर, म्हणजे बऱ्याच बोर्डांत एएचसीआयवर, परततं. सकाळी मशीन चालू केलं की निळा पडदा. धडधाकट डिस्क अशा वेळी ‘गेली’ म्हणून फेकून दिली जाते. मशीन बूट होत नसेल तर पहिली नजर बायोसच्या पडद्यावरच्या तारखेवर टाकावी. वीस वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर आधी बॅटरी बदलावी.

क्लोन झाला, मशीन चाललं, तरी आणखी एक बारकावा उरतो. एक्सपी डिस्कवरचा पहिला भाग 63व्या सेक्टरपासून सुरू करतं. तबकडीच्या एका वर्तुळात 63 सेक्टर मोजण्याच्या काळातली ही सवय. एसएसडीचा आतला हिशेब 4096 बाइटांच्या, म्हणजे आठ सेक्टरांच्या गठ्ठ्यांनी चालतो. 63ला 8ने भाग जात नाही. त्यामुळे विंडोजचा प्रत्येक 4096 बाइटांचा तुकडा एसएसडीवर दोन गठ्ठ्यांत अर्धवट पसरतो आणि एका लिखाणासाठी दोन गठ्ठ्यांना हात लावावा लागतो. वेग कमी होतो आणि एसएसडीचं आयुष्यही घटतं. क्लोन करतानाच सुरुवात 2048व्या सेक्टरवर सरकवली की हिशेब जुळतो. व्हिस्टापासून पुढची विंडोज हेच करतात. शिवाय पुसलेली जागा मोकळी झाल्याची वर्दी एसएसडीला देण्याची सोय एक्सपीत नाही, ती विंडोज 7मध्ये आली. म्हणून नव्या एसएसडीचा थोडा भाग पार्टिशन न करता कोरा सोडावा. ती जागा एसएसडी स्वतःच्या आवराआवरीसाठी वापरते.

सगळ्यात नव्या डिस्कांपाशी मात्र वाट खरोखरच बिकट होते. त्यांची भाषा एनव्हीएमई. तिचं पहिलं प्रमाणक 2011च्या मार्चमध्ये निघालं. एएचसीआयमध्ये आज्ञांची एकच रांग आणि तिच्यात 32 आज्ञा. एनव्हीएमईमध्ये 64 हजारांहून जास्त रांगा आणि प्रत्येकीत तितक्याच आज्ञा मावतात. ही भाषा एक्सपीला येत नाही, 2009च्या विंडोज 7लाही मुळात येत नव्हती. सातसाठी मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्ती दिली, एक्सपीसाठी दिली नाही. हौशी प्रोग्रॅमरांनी पुढच्या विंडोजमधले ड्रायव्हर मागे आणून एक्सपी अशा डिस्कवर चालवून दाखवलं आहे आणि त्यांच्या चिकाटीला सलाम केलाच पाहिजे. पण ज्याच्यावर पार्टीचा जॉब लागलेला आहे, त्या मशिनात हा प्रयोग करू नये. त्यातच बायोसची जागा आता यूईएफआयने घेतली आहे. त्यात जुन्या रीतीने बूट करण्याची सोय काही वर्षं सोबत मिळायची. ती 2020पर्यंत काढून टाकणार असल्याचं इंटेलने 2017मध्ये जाहीर केलं आणि नव्या बोर्डांवरून ती गळत गेली. ती नसेल तर एक्सपीला पहिलाच हात धरायला कोणी उरत नाही.

खरेदी करताना घोळ होतो तो इथेच. एम.2 आकाराच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण एक साटा असते आणि दुसरी एनव्हीएमई. साटावाली पट्टी साध्या अडॅप्टरने जुन्या मशिनात चालते, दुसरी चालत नाही. दुकानात नुसतं ‘एम.2 द्या’ म्हणू नका, ‘साटा’ हा शब्द उच्चारा आणि खोक्यावर वाचून घ्या.

मशिनांइतकंच हे छापखान्यांनाही लागू आहे. मराठी डीटीपीचा मोठा काळ पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांच्यावर उभा राहिला. लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, दिवाळी अंक, गावांच्या स्मरणिका त्यात जुळल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001ची. त्या फायलींतली अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत, आणि सोबत डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची परवान्याची चावी, लागतो. म्हणून अनेक ऑपरेटर एक्सपीचा एक डबा जपून ठेवतात. त्यांच्यासाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे अख्ख्या डिस्कची इमेज काढून ती नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणं. तिथे एक्सपीला खोटी आयडीई डिस्क दिसते, खाली खरी डिस्क एनव्हीएमई असली तरी त्याला पत्ता लागत नाही. यूएसबी डाँगल बहुधा चालतो, प्रिंटर पोर्टचा मात्र त्रास देतो. गाळ्यातल्या मशिनाला हा मार्ग क्वचितच जमतो, कारण तिथे मोटरशी बोलणारं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसलेलं असतं आणि सॉफ्टवेअरला क्षणाचाही उशीर खपत नाही.

जुनी सिस्टीम जिवंत ठेवणं आणि ती इंटरनेटला जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सपीला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014ला संपला. 27 जून 2017ला पसरलेल्या नॉटपेट्या व्हायरसने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं, म्हणजे हा धोका आपल्यापासून लांब नाही. 2018मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना जून 2019पर्यंत एटीएमवरून आधार संपलेल्या सिस्टीम काढायला सांगितल्या. एटीएम बदलता येतात, दहा टनांचं मशीन तसं बदलता येत नाही. तेव्हा त्याची नेटवर्क केबल काढा आणि प्रोग्रॅम तपासलेल्या पेनड्राइव्हने किंवा सीरियल केबलने चढवा.

आता गाळेवाल्यांना आणि छापखानेवाल्यांना एक कळकळीची विनंती. डिस्क खडखडायला लागायची वाट बघू नका. चालू आहे तोवर तिची संपूर्ण इमेज काढा. फायली कॉपी करून भागत नाही, कारण ते पहिले 512 बाइट कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाहीत आणि मशिनाचे पॅरामीटर, परवान्याच्या नोंदी कुठे दडल्या आहेत हे कंपनीलाही आता आठवत नसतं. डिस्क आधीच कुरकुरत असेल तर डीडीरेस्क्यूसारखा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो चांगले सेक्टर आधी उचलतो आणि खराब सेक्टरांकडे शेवटी वळतो. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. क्लोन मशिनात लावून एक पूर्ण जॉब काढून बघा आणि मूळ डिस्क बाजूला ठेवा. जुलै 2018मध्ये वसईत पाणी भरलं होतं ते विसरू नका, एक प्रत गाळ्याबाहेर, घरी वरच्या मजल्यावर ठेवा. हे सगळं एका रविवारी होतं आणि त्याला लागणाऱ्या साटा एसएसडीची किंमत बंद मशिनाच्या एका शिफ्टच्या नुकसानाएवढीही नसते.