बॅडमिंटनचा खेळाडू कसा घडतो

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पोरे दोन खांबांना दोरी बांधतात आणि फूल टोलवतात. हा बॅडमिंटनचा खेळ. फूल म्हणजे शटल. बुचाच्या गोळीवर सोळा पिसे खोवलेली असतात. वजन अवघे पाच ग्रॅम. वाऱ्याची झुळूक आली की फूल भलतीकडे जाते. म्हणून मोठे सामने बंद सभागृहात होतात.

हा खेळ आपल्याला परका नाही, बरं का. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या छावणीतले इंग्रज अंमलदार तो खेळत. त्या काळी त्याला ‘पूना’ असेही म्हणत. आणि परदेशातली मोठी स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय खेळाडू कोण? आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर. १९५६ साली मलायात त्यांनी ती जिंकली.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मागे आम्ही जिल्ह्याच्या गावी लहान मुलांचे सामने पाहायला गेलो होतो. बारा वर्षांचा एक मुलगा शेवटचा सामना हरला. बाहेर येताच वडील त्याच्यावर डाफरले, “एवढा खर्च केला, आणि हे काय खेळलास?” पोरगा मान खाली घालून उभा. आम्ही त्या गृहस्थांना चहाला नेले. ते म्हणाले, “गुरुजी, गेल्या वर्षी हा सगळ्यांना हरवत होता. यंदा हरतोय. आता शाळा सोडवतो आणि दिवसभर खेळायला लावतो. वेळ पडली तर एकरभर जमीन विकतो!”

आम्ही म्हणालो, “अहो, जरा थांबा.” मग त्यांच्याशी जे बोललो, तेच इथे लिहीत आहोत.

गेल्या वर्षी तो का जिंकत होता? कारण त्याची उंची लवकर वाढली होती. तो इतरांपेक्षा वीतभर उंच. वरून फूल हाणले की समोरचा गारद. यंदा बाकीची पोरे वाढली. ज्या पोराची उंची उशिरा वाढते, त्याला तोवर डोके लढवावे लागते. पळावे लागते. तो ते शिकून घेतो आणि पुढे तोच भारी पडतो. म्हणून बाराव्या वर्षीच्या बिल्ल्यावरून पुढचे काही सांगता येत नाही.

खोंडाला दोन दात येण्याआधी कोणी औताला जुंपतो का? पोराचेही तसेच आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत त्याने पळावे, झाडावर चढावे, सूरपारंबी खेळावी. रॅकेट धरायची कशी, आणि पाय टाकायचे कसे, एवढेच नीट शिकले तरी पुष्कळ. पाय टाकणे ही या खेळाची बाराखडीच. कोपऱ्यात जायचे, फूल मारायचे, आणि लगेच मधोमध परत यायचे. पाहणाऱ्याला हात दिसतो, पण सामना पाय जिंकून देतात.

बारा ते सोळा हा काळ नाजूक. हाडे वाढत असतात. टाच दुखते, गुडघा दुखतो. अशा वेळी “सहन कर” म्हणणारा वस्ताद काय कामाचा? डॉक्टरला दाखवावे. काही दिवस उड्या बंद ठेवाव्यात. आणखी एक वाईट चाल आहे. स्पर्धा वयाच्या गटांत होतात: तेराखाली, पंधराखाली, सतराखाली, एकोणीसखाली. काही पालक खोटा जन्मदाखला करून मोठ्या पोराला लहान गटात घुसवतात. आम्हाला याचा फार राग येतो. दुसऱ्याच्या लेकराचा हक्क जातो, हे तर झालेच. पण आपल्या पोरालाही सोप्या विजयाची चटक लागते. पुढे बरोबरीचा गडी भेटला की ते गांगरते.

सोळानंतर खरी मेहनत सुरू होते. सकाळ-संध्याकाळ सराव, रोज. हैदराबादची सायना नेहवाल पाहा. ती लहान असताना वडील तिला पहाटे उठवून स्कूटरवरून वीसेक किलोमीटर दूर सरावाला नेत. पोर मागे बसून डुलक्या घ्यायची. पडेल म्हणून आईही मागे बसू लागली! याच सायनाने २००८ साली पुण्यात एकोणीस वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद जिंकले, आणि २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. म्हणजे मुलींच्या गटात जगात पहिली आल्यावरही मधे चार वर्षे गेली.

ही मधली वर्षेच फार अवघड. लहान गटात समोरचा चुकतो आणि आपल्याला गुण मिळतो. मोठ्या गटात कोणी आपण होऊन चुकत नाही. एकेक गुण कमवावा लागतो. दम, ताकद आणि धीर तिन्ही लागतात.

पी. व्ही. सिंधूची गोष्ट यासाठी ऐकण्यासारखी आहे. तिचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉल खेळणारे. ती आठव्या वर्षी रॅकेट धरू लागली. पुढे हैदराबादला पुल्लेला गोपीचंद यांच्याकडे शिकली. २०१२ साली आशियातल्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर जपानची नोझोमी ओकुहारा होती. सिंधू जिंकली. पण मोठ्यांत आल्यावर काय? सिंधू अंगाने उंच, पण स्वभावाने शांत. कोर्टावर आवाज निघेना. गोपीचंद म्हणाले, मधोमध उभी राहा आणि मोठ्याने ओरड. तोवर रॅकेट हातात घ्यायची नाही. पोर रडली, पण ओरडली. २०१५ साली पायाचे हाड दुखावले, तेव्हा काही महिने खेळ बंद. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिने त्याच ओकुहाराला हरवून पुढे रौप्यपदक मिळवले.

२०१७ साली जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात पुन्हा ओकुहाराच. सामना एक तास पन्नास मिनिटे चालला. दोघी धापा टाकत होत्या. सिंधू हरली. दोन वर्षांनी, २०१९ साली, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा त्याच दोघी. या वेळी सिंधूने अवघ्या अडतीस मिनिटांत सामना संपवला. भारताची पहिली बॅडमिंटन जगज्जेती! मुलींच्या गटातल्या त्या सामन्याला तोवर सात वर्षे झाली होती.

हे ऐकून ते गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, “पण गुरुजी, आमच्या गावात सभागृह कुठलं?” रास्त प्रश्न. बंगळूरचे प्रकाश पदुकोण लहानपणी लग्नाच्या कार्यालयात खेळत. लग्न असले की खेळ बंद. तेच प्रकाश १९८० साली इंग्लंडची नामांकित स्पर्धा जिंकून आले. मैदान ४४ फूट लांब, २० फूट रुंद. जाळी मधोमध ५ फूट उंच. उंच छताचे समाजमंदिर असेल तर सुरुवातीला चालेल. पिसांची फुले लवकर मोडतात आणि महाग पडतात. लहानांना नायलॉनची पुरतात.

जमीन मात्र विकू नका, असे आम्ही त्यांना निक्षून सांगितले. शेकडो पोरे खेळतात, त्यांतून एखादाच वर जातो. हे खरे आहे आणि ते पोरालाही सांगावे. शाळा चालू राहिली तर खेळ सुटला तरी पोर उघड्यावर पडत नाही. वस्ताद शोधताना त्याच्या भिंतीवरचे ढाली-पेले मोजू नका. दहा वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेली मुले आज काय करतात, असे विचारा. किती जण अजून खेळतात, किती जणांचे गुडघे गेले, किती जण शिकले, हे त्याला सांगता आले पाहिजे.

निघताना त्यांनी पोराला हाक मारली. “चल रे, भूक लागली असेल,” म्हणाले. पोराने आधी आमच्याकडे पाहिले, मग बापाकडे, आणि रॅकेट पिशवीत घातली.