धड बांधाल तर धड पोचेल

मंडळी, कुंभार गाडीत मडकी कशी भरतो ते तुम्ही पाहिलेच असेल. खाली पेंढा, मध्ये पेंढा, वर पेंढा. मडक्याला मडके लागू देत नाही. आंब्याच्या पेटीतही तसेच. हे शहाणपण जुने आहे. पण पुष्कळ शिकलेली माणसेही ते विसरतात. मग काय होते? आज आपण तेच पाहू.

अमेरिकेत १९८४ साली ॲपल कंपनीने 'मॅकिंटॉश' नावाचा संगणक काढला. संगणक म्हणजे हिशेब करणारे आणि लिहिलेले जपून ठेवणारे यंत्र. हा संगणक एका उभ्या खोक्यासारखा होता. वजन सुमारे साडेसात किलो. पडदा आतच बसवलेला. असा संगणक आता कोणी बनवत नाही. म्हणून जुन्या वस्तूंची आवड असलेले लोक तो शोधून विकत घेतात. विकणारा राहतो दूर. मग यंत्र पेटीत घालून पाठवतात. कित्येकदा पेटी दारात येते, उचलावी तर आत खुळखुळ वाजते. घेणाऱ्याच्या काळजात धस्स होते.

असे का होते? हा पडदा म्हणजे काचेची मोठी नळी. पुढे रुंद, मागे निमुळती. मागची मान अंगठ्याएवढी. नळीतली हवा काढून घेतलेली असते. मानेला तडा गेला की हवा आत शिरते. पडदा कायमचा आंधळा होतो. शिवाय इतक्या वर्षांत वरचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. दिसायला धड, पण एकदा आदळले की कोपरा उडालाच!

पेटीवर 'जपून उचला' असे लिहिले की झाले, असे काहींना वाटते. अक्षरे कामाची खरी. पण अक्षरांनी धक्का थांबत नाही. कोणी वर्तमानपत्राचे चार बोळे कोंबतात. यंत्राच्या भाराने बोळे चेपतात. जागा मोकळी होते आणि यंत्र आतल्या आत आपटते.

मग बांधावे कसे? आम्ही सांगतो, ऐका.

पहिले, कळफलक आणि तारा वेगळ्या गुंडाळा. त्या सुट्या राहिल्या तर पडद्यावरच आदळतात.

दुसरे, यंत्राला सगळीकडून दोन-तीन इंच जाड, घट्ट फोम लावा. कोपऱ्यांना जास्त लावा.

तिसरे, ती पेटी दुसऱ्या मोठ्या, मजबूत पेटीत ठेवा. दोन्हींच्या मध्येही फोम भरा.

शेवटी पेटी हलवून पाहा. आत काही हलले, तर आळस करू नका. उघडा आणि पुन्हा बांधा.

घरचा टीव्ही असो, शिलाईचे यंत्र असो, की लेकीला धाडायची लोणच्याची बरणी असो, रीत हीच. फुटलेल्या वस्तूचे पैसे एखादे वेळी परत मिळतील. पण जी वस्तू आता बनतच नाही, ती पैसे देऊनही कुठून आणणार? तेव्हा बांधताना घटकाभर जास्त गेली तरी चालेल.