मातीची वजाबाकी

फ्लॅट घ्यायचा नसला तरी रविवारच्या पानांवरच्या फ्लॅटच्या जाहिराती वाचण्यात एक गंमत असते. पूर्वी त्यांत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' आणि 'चोवीस तास पाणी' एवढाच मजकूर असे. आता बाग असते. चित्रात लुसलुशीत हिरवळ, दोन-चार पाम, एक बाक आणि बाकावर प्रसन्न चेहऱ्याचे आजोबा. या बागेचे नाव 'पोडियम गार्डन'. पोडियम म्हणजे गाड्या ठेवण्यासाठी बांधलेल्या मजल्यांचा माथा. थोडक्यात, आजोबा बागेत बसलेले नसून गच्चीवर बसलेले आहेत, आणि त्यांच्या पायाखाली चार मजले गाड्या आहेत.

ही बाग बिल्डरला हौस म्हणून सुचलेली नाही. घर, दुकान, कारखाना, काहीही बांधायचे तर भूखंडाची किती जागा मोकळी सोडायची आणि तिथे किती झाडे लावायची, हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. नियमावली हा काही सुटीच्या दिवशी लोडाला टेकून वाचायचा ग्रंथ नव्हे. पण मुलांचा चेंडू कुठे टप्पा घेणार इथपासून जुलै महिन्यात तळमजल्यावर पाणी शिरणार की नाही इथपर्यंत पुष्कळ गोष्टी तिच्यातल्या टक्केवारीवर ठरतात. तेव्हा थोडा हिशेब मांडून पाहू.

मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने असे ठरवले होते : भूखंड १००१ ते २५०० चौरस मीटरचा असेल तर १५ टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडायची, २५०१ ते १०,००० चौरस मीटरला २० टक्के, त्याहून मोठ्याला २५ टक्के. या जागेला मुंबईकर 'आर. जी.' म्हणतात. तिच्या दर १०० चौरस मीटरमागे पाच झाडे लावायची. ज्या लहान भूखंडाला लेआउटच लागत नाही, तिथे दर ८० चौरस मीटरला एक झाड पुरे. कारखान्याचा भूखंड १००० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर मोकळी जागा १० टक्के. यंत्रांना सावली लागत नाही असा विचार त्यामागे असावा. जेवणाच्या सुटीत डबा घेऊन बाहेर येणाऱ्या कामगाराला ती लागते. मुंबई सोडून उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रासाठी २०२० मध्ये जी एकत्रित नियमावली आली, तिच्यात ०.४ हेक्टर, म्हणजे ४००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सांगितली आहे. मुंबईपेक्षा पुण्या-नाशिकला आकाश अधिक मिळते अशी आपली समजूत असते. कागदावर तरी उलटे आहे.

मोकळी जागा आधी आखायची आणि मग घरे बांधायची ही पद्धत मुंबईला नवी नव्हती. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीतून माणसे बाहेर काढायची म्हणून त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. फाइव्ह गार्डन्स आणि मंचेरजी जोशी यांच्या खटपटीतून उभी राहिलेली दादर पारशी कॉलनी ही त्याचीच फळे. एकेका रस्त्याला एकेका जातीचे झाड लावायचे, एवढी बारीक नजर तिथे होती. आज मे महिन्याच्या दुपारी किंग्ज सर्कलहून त्या बाजूला वळले की गारवा अंगाला जाणवतो, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की जातो. ती झाडे जमिनीत आहेत, एवढेच त्याचे रहस्य.

आपल्या नियमात मेख नेमकी इथेच होती. 'जागा मोकळी सोडा' म्हटले, पण जमिनीवर की छपरावर? इमारती उंच झाल्या, गाड्या वाढल्या, आणि आर. जी. पोडियमवर चढली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१३ मध्ये न्या. एच. एल. गोखले आणि न्या. जे. चेलमेश्वर यांच्या पीठाने निर्वाळा दिला की नियमाने ठरलेली किमान जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर बाग द्यायची असेल तर ती त्याच्या वर, जास्तीची. निकाल स्पष्ट होता. पण नियमच बदलला तर निकाल काय करणार?

२०१८ मध्ये मुंबईची पुढची नियमावली मंजूर झाली. टक्केवारी जवळपास तीच राहिली, पण तिची वाटणी झाली. मोकळ्या जागेपैकी किमान ६० टक्के जमिनीच्या पातळीवर. उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल. आणि त्या ६० टक्क्यांपैकी किमान निम्मी 'मदर अर्थ'वर, म्हणजे पाणी मुरेल अशा खऱ्याखुऱ्या, फरशी न घातलेल्या मातीवर. आता पाटी-पेन्सिल घ्या. भूखंड ४००० चौरस मीटर. २० टक्के म्हणजे ८००. त्यातले ३२० पोडियमवर गेले, उरले ४८०. त्यातल्या निम्म्याच्या खाली स्लॅब असला तरी हरकत नाही. खरी माती किमान २४०. अख्ख्या भूखंडाचे सहा टक्के! शेतकरी जिला काळी आई म्हणतो, ती इंग्रजीतून वळसा घालून नियमावलीत आली, आणि तिच्या वाट्याला हे एवढे आले. 'किमान' हा शब्द आहे, जास्त सोडायला कोणाची ना नाही, हे खरे. पण जमिनीचा भाव पाहता 'किमान' लिहिलेले सहसा कमालच ठरते.

माती कुठली का असेना, झाड लावले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. स्लॅबवर किती माती टाकायची हे माळी ठरवत नाही, स्ट्रक्चरल इंजिनियर ठरवतो. ओली माती भलती जड. म्हणून ती बेताची. तेवढ्या मातीत हिरवळ येते, पाम येतो, कुंपणाची मेंदी येते. वड, आंबा, फणस, कदंब ही मंडळी तिथे येत नाहीत. आणली तरी खुरटतात, आणि मुळांनी वॉटरप्रूफिंग फोडले तर सोसायटीच त्यांच्यावर उठते. बिल्डर आवडीने लावतात तो उंच, अरुंद, रांगेत उभा राहणारा 'अशोक' हा खरा अशोकही नव्हे. खरा तो सीतेचा अशोक. या दुसऱ्याची सावली उन्हाळ्यात एका माणसालाही धड पुरत नाही, पण नियमाच्या गणतीत तोही एक आणि वडही एकच. नियम बुंधे मोजतो, सावली मोजत नाही.

पाणीही मोजत नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे तेव्हाच्या इंजिनियरांनी धरले होते. त्यांचा शहराच्या मातीवर तेवढा भरवसा होता. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने नवी गटारे ताशी ५० मिलिमीटरसाठी सुचवली आणि मुरणारे पाणी शून्य धरले. पडेल तो प्रत्येक थेंब वाहून येणार! शहराने काय गमावले याची इतकी कोरडी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे कुठलीच माती पुरली नसती, हे मान्य. पण दरवर्षीच्या साध्या पावसाला ती पुरते, आणि आपल्या दारात पाणी तुंबते ते बहुतेकदा साध्या पावसाने.

सगळा बोल बिल्डरला लावूनही चालणार नाही. सोसायटीची वार्षिक सभा आठवा. 'आवारात चिखल होतो', 'पाने गाड्यांवर पडतात', 'पावसाळ्यात साप निघाला होता'. ठराव मंजूर, आणि मेच्या सुटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. झाडांभोवती सिमेंटचा देखणा पार, थेट बुंध्याला चिकटवून. पूर्वी परसात केळ लावणाऱ्या आजीलाही आळे करायचे कळत होते. राष्ट्रीय हरित लवादाला मात्र एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना आदेश द्यावा लागला, की झाडाच्या भोवतालचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा. म्हणजे आळे करा! मुळे गुदमरलेले झाड वाऱ्यात पडते, गाडीवर पडते, आणि पुढच्या सभेत 'धोकादायक झाडे तोडा' असा विषय येतो.

आता तर जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. यांतल्या कितीतरींचा भूखंड १००० चौरस मीटरच्या आतला, त्यांना आर. जी. लागूच नाही. तरी तिथे आंबा आहे, नारळ आहेत, बकुळ आहे, कारण पहिल्या रहिवाशांनी गावाकडून रोपे आणून लावली. ती तोडायची तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, झाडावर नोटीस चिकटवावी लागते. ती नोटीस कंदिलाएवढ्या उंचीवर असली तरी थांबून वाचावी. हरकत घेण्याचा हक्क आपल्याला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटले, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावायला सांगितले. साठ वर्षांच्या आंब्यामागे साठ रोपे. कल्पना उदार आहे, पण सहा टक्के मातीत साठ रोपे कुठे मावणार? ती जातात दूर कुठेतरी, आणि आंब्याखाली खेळणारी मुले राहतात इथेच.

पुनर्विकासाची फाइल तुमच्या सोसायटीत आली असेल, तर गुळगुळीत कागदावरचे रंगीत चित्र बाजूला ठेवा. त्यात सगळी झाडे हिरव्या वर्तुळांची असतात, आणि सगळी वर्तुळे पूर्ण वाढलेल्या झाडांची. वास्तुविशारदाकडून दोन नकाशे मागून घ्या, एक बागेचा आणि एक बेसमेंटचा. ते सहसा वेगवेगळ्या पानांवर असतात. दोन्ही एकाच मापाचे करून घ्या, एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या काचेवर धरा. बेसमेंटची रेघ अनेक ठिकाणी कुंपणाच्या जवळपास पोचलेली दिसेल. त्या रेघेच्या बाहेर जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यात किती वर्तुळे पडतात ती बोटाने मोजा, आणि तो आकडा सह्या करण्यापूर्वी सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.