‘विकास’ शब्दाची कायदेशीर व्याप्ती आणि पाडकाम

‘विकास’ हा शब्द ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘कस्’ धातूपासून सिद्ध झाला असून ‘उमलणे, फुलणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय. व्यवहारात तो वाढीचा वाचक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ह्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत मात्र विद्यमान इमारत किंवा तिचा भाग पाडणे ह्याचाही ‘विकासा’त समावेश होतो. रूढ अर्थावर विसंबून ‘आपण काही बांधीत नाही, मग परवानगी कशाला?’ असे म्हणणारा वाड्याचा मालक येथेच चुकतो. कलम ४४ अन्वये त्याने नियोजन प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावयाचा असतो. परवानगीवाचून केलेले काम कलम ५२ खाली दंडनीय ठरते.

हा अर्थविस्तार वरकरणी विपरीत वाटला, तरी तो सयुक्तिक आहे. अनधिकृत बांधकाम मागाहून काढून टाकता येते. पाडलेला वाडा, त्यातील कोरीव तुळया, भाडेकऱ्याचे छप्पर ह्यांपैकी काहीही कोणत्याही आदेशाने पूर्ववत होत नाही. म्हणून पूर्वपरवानगीची निकड बांधण्याहूनही पाडण्याच्या बाबतीत अधिक. कायद्यातील शब्द रूढीने नव्हे, तर त्याच्या व्याख्येने वाचावा, हेच ह्यावरून दिसून येते.