शिवीगाळीतला गाळ कोणता?

भोर तालुक्यातील आंबवडे येथे मी एकदा विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. तेथे एका लोहचुंबकावरून दोन मुलांची जुंपली. गुरुजींनी दरडावून विचारले, "शिवीगाळ आधी कोणी केली?" प्रकरण मिटल्यावर त्यांतला एकजण हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, यातला गाळ म्हणजे भाटघर धरणात साचतो तसलाच ना? मनात साचलेला?"

कल्पना मला फार आवडली. पण आवडली म्हणून ती खरी ठरत नाही. कसोटी लावून पाहावी लागते. येथे उपकरणही नको, व्याकरण पुरते. धरणातला गाळ आपण 'काढला' म्हणतो. शिवीगाळ मात्र 'केली' म्हणतो. जोडशब्दाचे लिंग सहसा शेवटच्या शब्दावरून ठरते. म्हणजे धरणातला तो गाळ आणि शिवीतली ती गाळ! दोन्ही शब्द एक नव्हेत.

मग ही 'गाळ' आली कोठून? संस्कृतात 'गालि' म्हणजेच शिवी. दोन स्वरांमधल्या 'ल'चा मराठीत पुष्कळदा 'ळ' होतो आणि शेवटचा ऱ्हस्व 'इ' गळून पडतो. धूलि–धूळ, अंजली–ओंजळ, तशीच गालि–गाळ. हिंदीतली 'गाली' ही हिची सख्खी बहीण. तेव्हा शिवीगाळ म्हणजे शिवी अधिक शिवी! बाजारहाट, लाजशरम या शब्दांतही एकच अर्थ असा दोनदा येतो.

एकटी 'गाळ' आज बोलण्यात उरलेली नाही. पण दगडावर उरली आहे. शिलाहार राजांच्या काळात, सुमारे आठशे-हजार वर्षांपूर्वी, कोकणात दानाची जमीन कोणी बळकावू नये म्हणून शिळा उभारीत. दान मोडणाऱ्याला तीवर गाढवाची अभद्र शिवी चितारलेली असे, कधी कोरून लिहिलेलीही असे. परळ येथे सापडलेल्या बाराव्या शतकातील शिलालेखात ती चक्क मराठीत आहे. (येथे छापण्याजोगी नाही, क्षमस्व!) या शिळांना म्हणतात 'गधेगाळ'. राजाचा शिपाई रात्रंदिवस शेताच्या बांधावर थोडाच उभा राहणार? ते काम शिवीवर सोपवलेले होते.

शिळेच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर हे दान टिको, असा त्याचा अर्थ. आता सूर्याजवळचे इंधन अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल, असा हिशेब आहे. एवढी लांब मुदत असलेली दुसरी शिवी माझ्या तरी ऐकिवात नाही.